डावीकडे झुकणारी गाडी

रंगनाथ क्षेमकल्याणींच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द यायचा: रिजेक्ट. ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तो शब्द काही निवृत्त झाला नाही. दूधवाला रिजेक्ट, सोसायटीचा सेक्रेटरी रिजेक्ट, कोथिंबिरीची जुडी रिजेक्ट. बायकोचं, म्हणजे कुसुमचं, नांदगावचं माहेर तर सरसकट अख्खंच्या अख्खं रिजेक्ट!

पास होती ती एकटी त्यांची पांढरी मोटार. तिच्यात खोट एवढीच, की ती डावीकडे झुकायची. रंगनाथरावांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर गवंड्याची पाणसळ आडवी ठेवून खात्री केली होती. आतला बुडबुडा दर वेळी उजवीकडे सरकायचा, म्हणजे डावी बाजू खाली. आणि डावीकडे मागे कोण बसतं? कुसुम! पुढे बसली की त्यांच्याआधी हीच ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबते, म्हणून त्यांनीच तिला मागे पाठवलेलं. झालं, गुन्हेगार सापडला. दिवाळीत सोसायटीच्या फाटकाशी, शेजारच्या सुमनबाई आणि आणखी चार जणांच्या देखत हे गृहस्थ म्हणाले, "हिच्या वजनानं स्प्रिंग बसलीय. आता हिच्या बाजूला ट्रकचीच टाकतो." सगळे फिदीफिदी हसले. कुसुम गाडीतून उतरली ती उतरलीच. तेव्हापासून भाजीला चालत आणि डॉक्टरकडे रिक्षाने.

आता रविवारी तिच्या भाचीचं, चैतालीचं लग्न होतं नांदगावला. कुसुमने बजावून ठेवलं, "मी रेल्वेने जाणार. तुम्ही या तुमच्या गाडीने." दारात मोटार असताना बायको स्टेशनवरून पिशवी घेऊन चालत येणार, आणि ती रिजेक्ट मंडळी दात काढणार! रंगनाथरावांच्या ते जिव्हारी लागलं. शिवाय मागच्या सीटवरून "हळू हो, हळू" म्हणणारं कुणी नव्हतं, आणि ती शांतता त्यांना खायला उठायची. हे ते मेले तरी कबूल करणार नाहीत. त्यांनी ठरवलं, गाडी सरळ केली की बाईसाहेबही सरळ होतील. घ्या! माणसाची अक्कल बघा.

शनिवारी सकाळी ते शहरातल्या द्वारका चौकात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत शिरले. पहिला दुकानदार जाडजूड स्प्रिंग दाखवून म्हणाला, "टॅक्सीवाले हीच टाकतात." टॅक्सीवाल्यांना काय कळतं, डोंबल! दुसऱ्याचा माल म्हणे ओरिजिनल, आणि खोक्यावरचं लेबल नुसतं बोट लावल्यावर सुटून आलं. तिसऱ्याने लालभडक शॉकअप पुढे केले. "मला गाडी चालवायचीय, मिरवणूक नाही काढायची," असं त्याला सुनावून रंगनाथराव सातपूरला एका गॅरेजात गेले.

गॅरेज बुद्धभूषण नावाच्या चाळिशीतल्या माणसाचं होतं. रंगनाथरावांनी गाडी चाकांची अलाइनमेंट करायच्या जागेवर उभी केली आणि हुकूम सोडला, "डाव्या बाजूला मागे एक कडक स्प्रिंग टाक. एकच."

"एकच नाही टाकत, सर. स्प्रिंग काय न् शॉकअप काय, बदलायचे तर जोडीनं. एक बाजू कडक, एक मऊ झाली तर वळणावर गाडी दगा देते." त्याने डिकीचा कोपरा दाबून सोडला. गाडी तीन-चारदा खालीवर झाली. मग वाकून आत बघितलं. "मागचे दोन्ही शॉकअप गेलेत, तेल गळतंय. स्प्रिंगा मात्र चांगल्या आहेत."

"अरे, मी मोजलंय!" रंगनाथरावांनी तावातावाने पाणसळ काढून टपावर ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. त्यांनी पाणसळ उलटी फिरवून ठेवली. मधोमध. "तुझी जमीनच वाकडी असणार!"

"या जमिनीची लेव्हल चुकली तर मला दुकान बंद करावं लागेल, सर," बुद्धभूषण शांतपणे म्हणाला. "घरी फरशीची लेव्हल बघितली होती का? ओझरला मी तुमच्या हाताखाली अप्रेंटिस होतो. माझं पहिलं काम तुम्ही सगळ्यांसमोर भंगारात फेकलंत. म्हणालात, गाढवा, वस्तू मोजायच्या आधी टेबलाची लेव्हल बघावी."

रंगनाथरावांना तो आठवला नाही. किती जणांचं फेकलेलं, कोण लक्षात ठेवतो! पण टेबलाचं ते वाक्य त्यांचंच होतं. त्यांनी मुकाट्याने कंपनीचे साधे शॉकअप जोडीने बसवून घेतले. स्प्रिंगा जुन्याच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी पार्किंगच्या मोकळ्या फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा उजवीकडे गेला. फरशीला डावीकडे, गटाराच्या जाळीकडे, उतार होता.

वर कुसुम बॅग भरत होती. "पार्किंगला उतार आहे," ते म्हणाले.

"माहितीय. रोज सकाळी तिथली फरशी धुताना बादल्या मी ओतते. पाणी कुठे जातं ते दिसतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुला मापातलं काय कळतं, म्हणालात."

म्हणाले होते. रंगनाथरावांना स्वच्छ आठवलं, आणि अंगाचा तिळपापड झाला; पण आता राग कुणावर काढायचा? "बरं, झालं गेलं सोड. उद्या गाडीने चल. पुढे बस, हवं तर."

कुसुमने बॅगेची चेन ओढली. "जे फाटकाशी बोललात, ते फाटकाशीच परत घ्या. मग बसते."

रविवारी सकाळी फाटकाशी सुमनबाई होत्या, बाकीची मंडळीही होती. रिक्षा उभी होती. कुसुम बॅग घेऊन थांबली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. दोन शब्दांचं काम! रंगनाथरावांनी खाकरून घसा साफ केला.

"गाडीत काही दोष नव्हता बरं का," ते म्हणाले. "या सोसायटीची फरशीच रिजेक्ट आहे. सेक्रेटरीला अक्कल नाही."

 कुसुम रिक्षात बसली आणि म्हणाली, "रेल्वे स्टेशन."

रंगनाथराव आहेराच्या पिशव्या मागच्या सीटवर टाकून एकटेच निघाले. गाडी खड्ड्यांतूनही मऊ चालत होती. ओझरला जुन्या कारखान्याजवळ त्यांनी मुद्दाम वेग वाढवला आणि कान मागे लावले. हळू हो, असं कुणी म्हणालं नाही.