आतोबा चार्ज घेत नाहीत

हिंदुस्थानातला प्रत्येक कायदा खास आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला आहे, अशी प्रामाणिक समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते आमचे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मूळचे रत्नागिरीकडचे, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवाले, आणि वर टेरिटोरियल आर्मीत जवान. एरवी कामगार आणि बोलावणं आलं की शिपाई. पण त्यातल्या शिपायाने कामगाराला केव्हाच खाऊन टाकलं होतं. भाईंदरच्या चिखलातून जायचं असलं तरी बूट चकचकीत. आत्या बाजारातून आली की दारातच विचारत, "रिपोर्ट?" आत्या पिशवी खाली ठेवून सांगे, "बोंबील महाग, वांगी आणलीत, कुरकुर करायची नाही." यावर ते समाधानाने मान हलवत.

बांगलादेशच्या लढाईत त्यांना बोलावणं आलं आणि कुठल्याशा रेल्वेपुलावर पहाऱ्याचं काम मिळालं. त्या पुलाकडे शत्रूने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं श्रेय आतोबा बिनदिक्कत स्वतःकडे घेत. परत आले ते एक नवं वेड घेऊन. टेरिटोरियलमधून परतलेल्या माणसाला मालकाने जुन्या जागेवर घेतलंच पाहिजे, असा कायदा आहे, आणि तो त्यांना आरतीसारखा पाठ होता. मी तेव्हा नव्या नोकरीपायी त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे दाढी करतानासुद्धा मला तो ऐकावा लागे.

कडक इस्त्रीचा गणवेश घालून ते कारखान्यात निघाले, तेव्हा आत्याने मलाही बरोबर धाडलं, भांडण झालं तर मध्ये पडायला. शेठ तसा भला माणूस. म्हणाला, "काका, तुमी देशासाठी गेला, तुमाला नाय कोण बोलणार? पण पॉलिशवर आता काशिनाथ हाय. तुमी स्टोअरमध्ये बसा ना. खुर्ची हाय, पंखा हाय, पगार सेम." पॉलिशचं काम म्हणजे दिवसभर चाकासमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी काळंठिक्कर तोंड घेऊन घरी यायचं. दुसरा कोणी असता तर शेठच्या गळ्यात पडला असता. आतोबा म्हणाले, "कायद्यात पंखा नाही. माझी जागा म्हणजे माझी जागा." शेठने कपाळाला हात लावला आणि काशिनाथला चाकावरून उठवलं.

काशिनाथ जवळच्याच राई गावचा. मिठागरातलं काम सुटलं म्हणून इथे लागलेला, बायको पोटुशी. बिचारा मुकाट्याने डोक्याचं फडकं सोडायला लागला. आतोबा त्याच्यापुढे टाचा जुळवून उभे राहिले. पहारा बदलताना नवा शिपाई जुन्याकडून रीतसर चार्ज घेतो, त्याशिवाय कोणी जागचं हलत नाही, ही पलटणीची शिस्त. "चार्ज देऊन कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

"घरा," काशिनाथ म्हणाला. "शेठ बोलला, आता काम न्हाय."

"घरी? पहाऱ्यावरून सुटलेला जवान पलटणीत परत जातो. त्याला हाकलून देत नाहीत!"

"अहो काका, ही फॅक्टरी हाय," शेठ कळवळून म्हणाला.

"मग मी चार्ज घेत नाही."

आणि खरंच घेतला नाही हो! रोज सकाळी गणवेशात जायचं, कारखान्याच्या गेटपाशी ताठ उभं राहायचं आणि संध्याकाळी परत यायचं. काम अडायला नको म्हणून शेठने काशिनाथला पुन्हा चाकावर उभं केलं, पण काका आत आले की तू बाहेर, हेही बजावून ठेवलं. आतोबांचा पगार अर्थातच बंद. आमटी दिवसेंदिवस पातळ होत चालली. "लढाई संपली म्हणतात," आत्या मला म्हणाली, "कुठे संपली ते दाखव मला." शेवटी एका संध्याकाळी ती कडाडलीच, "हक्काचं काम समोर आहे आणि तुम्ही गेटवर काय उभे राहता?" आतोबांनी मान खाली घातली. म्हणाले, "अगं, मी नव्हतो तेव्हा त्याने माझी जागा सांभाळली. आता मी आलो म्हणून त्याच्या येणाऱ्या पोराने उपाशी राहायचं? मला नाही जमायचं." यात कायद्याचं एक अक्षर नव्हतं. मला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या पदर खोचून स्वतःच शेठपुढे जाऊन उभी राहिली. "तो तुमचा पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालतोय ना? त्या काशिनाथला बसवा तिथे. आमचे हे काही ऐकायचे नाहीत." शेठही गेटवरच्या त्या गणवेशाला विटला होता. त्याने काशिनाथला स्टोअर दिलं. मग काशिनाथने "समदा ठीक हाय, काका" असा रिपोर्ट दिला, आतोबांनी सलाम ठोकला आणि चाक हाती घेतलं.

त्या संध्याकाळी ते कानापर्यंत काळे होऊन घरी आले. आत्याने पाणी तापवलं आणि मोरीत बसवून त्यांची पाठ घासायला घेतली. मी बाहेर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. मग आतोबा हळूच म्हणाले, "तिकडे पुलावर एकच भीती वाटायची गं. परत येईन आणि माझ्यावाचून कोणाचं काही अडलेलंच नसेल."

"बोलू नका, तोंडात साबण जाईल," आत्या म्हणाली. आणि घासून झालेली पाठ पुन्हा पहिल्यापासून घासल्याचा आवाज आला.