बाबल्याची जट आणि व्हिडिओ कॉलवरचा कौल

मशीन सुरू केलं आणि आजींनी माझं मनगट धरलं.

"खबरदार हात लावलंस तर! जट हा ती. देवाची असता. तिका कातर लावूची नाय!"

टेबलावर बाबल्या होता. कागदोपत्री ब्रूनो, जात टॉय पूडल, वय अडीच वर्षं. मी अकरा वर्षं शिवाजी पार्कामागच्या एका सलूनमध्ये कुत्र्यांचे केस कापते. माझी आई नातेवाइकांत अजून "ती ॲनिमल लाइनमध्ये आहे" एवढंच सांगते. चावणारी कुत्री मी पाहिली आहेत, चावणारे मालकही पाहिले आहेत. देव मध्ये पडल्याची मात्र ही पहिलीच वेळ.

आधी बाबल्याचं दुखणं सांगते. पूडलचे केस गळत नाहीत म्हणतात, ते अर्धंच खरं. केस सुटतात, पण जमिनीवर न पडता उरलेल्या केसांतच अडकून बसतात. ते रोज विंचरून काढायचे असतात. नाही काढले की गुंता होतो आणि गुंत्याची घोंगडी होते. याला आम्ही मॅटिंग म्हणतो. त्यावर पाणी पडलं की ते आणखी आवळतं. या मंडळींनी बाबल्याला दर रविवारी न चुकता आंघोळ घातली होती आणि अडीच वर्षांत कंगवा एकदाही लावला नव्हता.

त्यालाही कारण होतं. कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा आजींनी मुलाला बजावलं होतं, पेजेत एक केस दिसला तर घरात कुत्रो नाय तर मी. मुलगा महेश, लोअर परळला मोठ्या ऑफिसात. त्याने इंटरनेटवर शोधून पूडल आणला आणि घरात जाहीर केलं, "केस गळत नाहीत. मेंटेनन्स झीरो!" झीरो म्हटल्यावर सगळ्यांनी झीरोच केला.

आता बाबल्याचा पुढचा डावा पाय उचलला जात नव्हता. काखेतल्या गुंत्याने कातडी ओढली जात होती. कानामागे बोट घातलं तर ओलं लागलं आणि वास आला. म्हणजे खाली जखम सुरू झाली होती. अजून आठवडाभर ठेवलं असतं तर डॉक्टर, भूल, टाके. विंचरून हे सुटणार नव्हतं, त्या यातना कुत्र्याला कशाला? मुळापासून सफाचट करणं हाच मार्ग होता. पण तेवढ्यासाठी आमच्याकडे एक फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि त्यावर घरच्यांची सही लागते.

मी फॉर्म सुनेपुढे धरला. प्राजक्ता दोन पावलं मागे सरकली.

"आई हो म्हणाल्याशिवाय मी सही नाही करणार हं. मला त्याच घरात राहायचंय."

"अहो, त्याला दुखतंय."

"कळतंय मला. पण उद्या घरात साधं दूध नासलं, तरी जट कापली म्हणूनच नासलं म्हणतील."

मी सलूनच्या मालकिणीला फोन लावला. "मॅडम, क्लायंट म्हणतायत देवाची परवानगी नाही."

"मग देवाची सही घे," मॅडम म्हणाल्या. "पण सहीशिवाय मशीन लावू नकोस. पुढचा लॅब्रॅडॉर साडेअकराला आहे."

आजी तोपर्यंत बाबल्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तो त्यांचा अंगठा चाटत होता. त्यांनी हळूच त्याचा पाय हलवून पाहिला, तो कुंई करून ओरडला आणि आजींचे डोळे भरून आले. म्हणजे म्हातारीचाही जीव तुटत होता. फक्त निर्णय स्वतःच्या अंगावर घ्यायची हिंमत होत नव्हती.

"सूनबाय, गावाक फोन लाव," त्या म्हणाल्या. "कौल लावूया."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात देवाला प्रश्न विचारतात. गुरव, म्हणजे देवळातला पुजारी, देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गुरवाने आंघोळ करून येतो म्हणून सांगितलं. वीस मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. नेमक्या तेव्हा आजी बाथरूममध्ये होत्या आणि प्राजक्ता बाबल्याला धरून उभी होती. फोन माझ्या हातात होता. आता माणूस समोर आहे तर बोलायला नको?

"दादा, मी कुत्र्याचे केस कापणारी. जखम झालीय हो त्याला."

"अस्सां? दुखता काय तेका?"

"खूप. आणि पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर रोज दहा मिनिटं विंचरायला हवं. कुणीतरी एकाने. सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं की कुणीच करत नाही."

"समाजला," गुरव म्हणाला.

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आजी आल्या, डोक्यावर पदर घेतला. गुरवाने आवाज चढवला, "बा देवा म्हाराजाऽऽ! तुझ्या लेकरांनी मुंबैत एक मुको जीव सांभाळल्यानी हा. तेच्या अंगावरची जट काढूक तुझी परवानगी मागतंत. कोणाची चूकभूल झाली आसात तर ती पोटात घाल आणि त्या जीवाक मोकळो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आजी म्हणाल्या. प्राजक्ता म्हणाली. मीही म्हणाले. लॅब्रॅडॉर घेऊन आलेले गृहस्थ दारातच थबकले होते, तेही म्हणाले.

सगळे स्क्रीनवर वाकलो. पाकळी हलली, आणि रेंज गेली. चित्र थिजलं. फक्त गुरवाचा आवाज आला, "उजवी! उजवी पडली!"

खरंच पडली का, ते गुरवालाच माहीत. आजींनी हात जोडले.

"थांबा, जाव नुको," गुरव म्हणाला. "दुसरो कौल हा. रोज इंचरतलो कोण?"

प्राजक्ता क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "महेश!"

आता रेंज लख्ख आली होती. गुरवाचे दोन्ही हात मागे बांधलेले दिसत होते. त्याने नाव घ्यायला आणि उजवी पाकळी टपकन पडायला एकच गाठ पडली. आम्ही चौघांनी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला हो! विंचरायचं मी सांगितलं होतं, पाकळीचं काही सांगितलं नव्हतं.

सही झाली. चाळीस मिनिटांत बाबल्या सोललेल्या रताळ्यासारखा दिसायला लागला. जखम रुपयाएवढीच होती. टेबलावरून उतरला आणि चारी पायांवर सलूनभर धावला. आजी रडत हसत त्याच्या मागे.

संध्याकाळी महेशचा फोन आला. "मॅडम, हे रोजचं विंचरणं ऑप्शनल आहे ना?"

"माझ्याकडून आहे," मी म्हटलं. "पुढचं तुम्ही गावी विचारून घ्या."

तीन महिने झाले. बाबल्याच्या केसांत एक गाठ नाही. महेश ऑफिसातून येऊन दहा मिनिटं विंचरतो आणि आजी शेजारी बसून कानामागे राहिलेलं दाखवतात. अकरा वर्षं मी प्रत्येक ग्राहकाला निगा कशी राखावी याचं छापील कार्ड देते. ते एकानेही वाचलेलं नाही. आता कोकणातलं आडनाव दिसलं की मी कार्ड देत नाही, गुरवाचा नंबर विचारून ठेवते.