लव्हॉनआत्याची तळघरांची यादी

माझी लव्हॉनआत्या एकाहत्तर वर्षांची आहे. त्यातली एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. त्यामुळे एल्क फोर्क काउंटीतल्या निम्म्या लोकांना ती अजूनही "खाली बस" म्हणू शकते, आणि ते बसतात. निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बायका गोधड्या शिवायला घेतात. आत्याने वादळं घेतली.

काउंटीच्या आपत्ती कार्यालयाला फक्त एक तक्ता हवा होता. कोणाकडे तळघर आहे, कोणाकडे नाही, आणि नसेल तर टॉर्नेडोचा भोंगा वाजल्यावर ती माणसं कुठे जाणार. आत्याने तक्त्याऐवजी जाडजूड वही केली. कोणाकडे किती दिवसांचं पाणी आहे, कोणाची बॅटरी पेटत नाही, कोणते आजोबा गोळ्या वरच्या मजल्यावर ठेवतात, सगळं त्या वहीत होतं. एका घरापुढे "जिन्याखाली व्हिस्की, चार बाटल्या" असंही लिहिलेलं मी वाचलं.

"हे कशाला लिहिलंस गं?"

"तीन तास खाली अडकायची वेळ आली, तर कोणाकडे अडकावं हे माहीत नको?"

तिला एवढं लिहावं लागलं यात आमचाही दोष आहे. भोंगा वाजला की तळघरात जावं, हे आम्हाला शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात भोंगा वाजला की आमच्याकडची माणसं ओसरीवर येतात. खिशात हात घालून पश्चिमेकडे बघतात आणि शेजाऱ्याला ओरडून सांगतात, "उत्तरेला सरकतंय!" ते सरकत असो वा नसो. टॉर्नेडोची सोंड दिसल्याशिवाय घरात जाणं म्हणजे आमच्यात घाबरटपणा.

पण आत्याचा जीव खरा अडकला होता तो रस्त्यापलीकडच्या ट्रेलरमध्ये. तिथे मर्ल आणि आर्डिस क्वाम राहायचे. शेती विकल्यावर मोठं घर आवरेना, म्हणून त्यांनी ते मुलीला दिलं आणि आत्याच्या फाटकासमोर ट्रेलरचं घर आणून उभं केलं. पत्र्याच्या भिंती, खाली विटांचे ठोकळे, तळघर नाही. त्यात आर्डिसकाकूचे गुडघे कामातून गेलेले. वहीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं, "क्वाम, दोघं, माझ्याकडे." लिहिलं होतं, पण एकदाही आले नव्हते.

एप्रिलमध्ये आत्या त्यांना रंगीत तालमीला बोलवायला गेली. मलाही नेलं.

"मर्ल, उद्या चार वाजता या. जिना उतरून बघू. किती वेळ लागतो ते मोजते."

"अगं, कशाला तुला त्रास? आम्ही बाथरूममध्ये बसू. अंगावर गादी घेऊ."

"गादी उडते रे."

"जड गादी आहे."

आर्डिसकाकू खुर्चीतून म्हणाली, "लव्हॉन, तुझा जिना बघूनच माझ्या गुडघ्यांना घाम फुटतो. मला तो बसून बसून, एकेक पायरी घसरत उतरावा लागेल. लोकांसमोर कसं गं ते?"

"लोक कुठले? मी आणि हा."

"हाच तर!" काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा कामावर, धान्याच्या कोठारावर जाऊन सगळ्यांना सांगेल."

मी सांगितलं असतं. ते तिला चांगलं ठाऊक होतं.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. दुसऱ्यांदा 'हो' म्हणणारा माणूस बाहेरगावचा. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, एवढं म्हणतेच आहेस तर" म्हणत खुर्ची ओढायची. कॉफी असो, गाडीतून घरी सोडणं असो, मळणीला मदत असो, सगळं याच मापाने चालतं. आत्या त्या दिवशी तीनदा म्हणाली. मर्लकाकाने "बरं, बघू या" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी काकूची कंबर आखडली. तालीम राहिली ती राहिलीच.

मेच्या मध्यावर एका गुरुवारी दुपारपासून हवा कोंदट झाली होती. साडेचारच्या सुमाराला कोठारावरची कबुतरं एकदम उठली, आणि आमच्या मुकादमाने सगळ्यांना घरी पिटाळलं. मी पशुखाद्याच्या दुकानावर भाड्याच्या खोलीत राहतो. मला तळघर नाही. वहीत माझ्यापुढेही "माझ्याकडे" लिहिलेलं. मी आत्याच्या अंगणात गाडी लावली तेव्हा आभाळ पश्चिमेला काळंनिळं झालं होतं आणि गारा पडायला लागल्या होत्या. भोंगा सुरू झाला.

आत्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनवर होती.

"मर्ल, अरे या आता. मी ह्याला गाडी घेऊन पाठवते."

तिकडचा आवाज मलाही ऐकू आला. "नको गं, गारांत कशाला त्याची गाडी खराब? आम्ही ठीक आहोत."

तिने फोन ठेवला. रेडिओवर आमच्या शेजारच्या गावाचं नाव आलं. तिने पुन्हा लावला.

"मर्ल, ते ब्रश क्रीकच्या अलीकडे आलंय. या म्हणते ना!"

"अगं, आर्डिसला उगीच दगदग. तू जा खाली. आमची काळजी करू नकोस."

तिने फोन ठेवला, दोन पाण्याचे कॅन माझ्या हातात दिले आणि मला खाली पाठवलं. मी वर आलो तेव्हा ती तिसऱ्यांदा फोन लावत होती. फोन मेला होता. दिवेही गेले. तिने खुंटीवरचा रेनकोट काढला.

"कुठे निघालीस?"

"आणते त्यांना."

आणि मी म्हणालो, "आत्या, दोनदा नाही म्हणून झालंय त्यांचं. आता निघालेच असतील. तू वाटेत चुकलीस तर पंचाईत. जिन्याशी थांबू."

अगदी शहाण्यासारखं म्हणालो. तिने खिडकीतून बघितलं, पण गारांमध्ये रस्ता दिसत नव्हता. रेनकोट अर्धा अंगात घालून ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. दार उघडं ठेवलं, ते दोघं येतील म्हणून. आम्ही आठ मिनिटं थांबलो. रस्ता ओलांडायला दीड मिनिट लागतं. काकूला धरून आणायचं तर सहा. मग कानांना दडे बसले, आणि मी आत्याला ओढून खाली नेलं.

ते आमच्या डोक्यावरून गेलं नाही. रस्त्यापलीकडून गेलं. आत्याच्या घराच्या दोन काचा फुटल्या आणि ओसरीचा पत्रा उचकटला, एवढंच.

ट्रेलर कुशीवर पडला होता, विटांच्या ठोकळ्यांपासून वीस हात लांब, सोयाबीनच्या रानात. मर्लकाका शुद्धीवर होता, तीन बरगड्या मोडलेल्या. आर्डिसकाकू दाराजवळ सापडली. तिच्या अंगात कोट होता, सगळी बटणं लावलेली. पायात बाहेर जायचे बूट, नाड्या बांधलेल्या. हाताला पर्स. आत्याने ते बघितलं आणि ती चिखलात खाली बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

सहाव्या दिवशी काकूला पुरलं. चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, बटाटे, रुबार्बचा केक. मर्लकाका छातीला पट्टा बांधून टेबलाच्या टोकाला बसला होता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते. आत्या समोर येऊन बसली तेव्हा तो आपणहून बोलला.

"लव्हॉन, तू दोनदा विचारलंस. तुझं काही चुकलं नाही. आम्ही तयारच होतो. आर्डिसचे बूट मीच बांधले. ती म्हणत होती, चल निघू. मी म्हटलं, थांब, लव्हॉनचा अजून एक फोन येईल. दोनदा नको म्हणून तसंच कसं जाऊन उभं राहायचं?"

कोणीतरी कॉफीचं भांडं घेऊन आलं आणि तसंच परत गेलं.

आत्याला गप्प बसता आलं असतं. तो तिला दोषातून मोकळं करत होता. ती म्हणाली, "मर्ल, फोन मेला होता. मी जिन्यावर उभी होते, कोट घालून. मीही तुमची वाट बघत होते. मला यायला वेळ होता. मी आले नाही."

माझं नाव तिने घेतलं नाही.

मर्लकाका उठला, ताट स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन ठेवलं आणि मुलीच्या गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो आत्याशी बोललेला नाही. रस्त्यात भेटला तर स्टिअरिंगवरून नमस्कारापुरतं एक बोट उचलतो. तेवढं आमच्याकडे शत्रूसाठीही उचलतात.

आत्या वही घेऊन पुन्हा फिरायला लागली आहे. आता ती विचारत नाही. दारात उभी राहते आणि म्हणते, "चला, आत्ता, शेजाऱ्याच्या तळघरापर्यंत, सगळे. चप्पल घाला." गावातल्या हॉगनबाई म्हणाल्या, लव्हॉन फार उद्धट झाली आहे. दोन घरांनी पडदे ओढून घेतले. पूर्वी ती एका फेरीत पाच कप कॉफी पिऊन यायची. आता कोरडीच परत येते, पण तेवीस घरांची तालीम झाली आहे. मर्लकाका आता मुलीकडे राहतो; वहीत त्या घरापुढची ओळ मात्र कोरी आहे. तिथे ती जात नाही.

मागच्या रविवारी मी गेलो. काका गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राची पाती घासत होता.

"आत्याने पाठवलं?"

"नाही. काका, ती निघाली होती. मी थांबवलं. तुम्ही निघालेच असाल, असं मी म्हणालो."

त्याने पातं उलटं केलं. दुसरी बाजू घासली. बोटाने धार बघितली. मला वाटलं, आता तो मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिने हे सांगितलं नाही मला," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"हं."

मग घाशीत राहिला. मी जायला वळलो तेव्हा तो यंत्राकडे बघतच म्हणाला, "या घराला तळघर आहे. जिना रुंद आहे, दोन्हीकडे कठडा. मी एकटा उतरू शकतो." पातं खाली ठेवलं आणि म्हणाला, "लिहून घे."

माझ्याकडे वही नव्हती. मी ते खिशातल्या पेट्रोलच्या पावतीमागे लिहिलं आणि त्याच संध्याकाळी आत्याला नेऊन दिलं. तिने दोनदा वाचलं.

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"तुला कोणी सांगितलं होतं सांगायला, गाढवा?" ती म्हणाली, आणि पेन शोधायला लागली.