अण्णा आणि रेघेच्या टोकाचं शून्य

अण्णांना कागदावरची साधी रेघ दाखवली तरी ते चौकशी आयोग बसवत. इलेक्ट्रॉनिक सिटीतली आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची, आणि माहितीचं कुठलं टेबल कुठल्या टेबलाशी कसं जोडायचं हे अण्णांच्या मंजुरीशिवाय ठरत नसे. चौकोन म्हणजे टेबल, मधली रेघ म्हणजे त्यांचं नातं, आणि रेघेच्या टोकाचा आकडा म्हणजे एकाला किती जोडायचे ते. आम्हाला ही आकृती अर्ध्या तासाचं काम वाटे. अण्णांना आठवडा पुरत नसे.

"एकाला किती?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी एका डॉक्टरला अनेक पेशंट जोडून मोकळी झाले, तर निपाणीचे अण्णा म्हणाले, "आणि एका पेशंटाला अनेक डॉक्टर नसतात होय ग? माझा गुडघा तिघांनी बघितलाय. तिघांची तीन मतं." पुढचा पाऊण तास गुडघा चालला.

मग आली पेशंट आणि नातेवाईक यांच्यातली रेघ. मी ठरवलं, प्रत्येक पेशंटला किमान एक नातेवाईक हवाच. अण्णांना त्या टोकाला शून्यही चालायला हवं होतं.

"कुणीच नसलं तर?"

"अहो अण्णा, कुणीतरी असतंच!"

"स्वल्प दम धर की. हॉस्पिटलात जाऊन विचारून ये."

तीन दिवस काम अडलं आणि मॅनेजर माझ्या डोक्यावर बसला. चौथ्या दिवशी अण्णा रजेवर होते. मी शून्य न घालताच आकृती पुढे पाठवून दिली. परत आल्यावर त्यांनी ती पाहिली आणि पुढची आकृती मागितली. त्याचाही मला रागच आला. काही महिन्यांनी ते निवृत्त झाले, तेव्हा खरं सांगते, मला हायसं वाटलं.

वर्षभराने एका सकाळी त्यांचा फोन आला. छातीत दुखतंय म्हणून मल्लेश्वरमच्या घरून एकटेच रिक्षाने हॉस्पिटलात गेले होते.

"अगं, नातेवाईक भरल्याशिवाय तुझं सॉफ्टवेअर पुढं सरकेना. मला कोण आहे? तुझं नाव दिलंय. नात्यात 'मुलगी' निवडलंय. रागावू नको हं."

पाच वर्षं शेजारी बसून त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

सहाव्या दिवशी अण्णा गेले. कागदांवर मुलगी म्हणून मीच सही केली.

पुढच्या आठवड्यात मी त्या रेघेला शून्य लावलं, सगळ्या हॉस्पिटलांत. आता अण्णांच्या नोंदीतला नातेवाईकाचा रकाना रिकामा करता येत होता. त्यातली मुलगी मात्र मी पुसली नाही.