इंग्लंडला न गेलेली चारुलता

चारुलता विलायतेला गेली असं पेपरात छापून आलं, तेव्हा ती नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात शेगडीवर वांगी भाजत होती. आता याला काय म्हणावं!

गोष्ट सत्त्याहत्तर सालची. चारुलता मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत आठ वर्षं शिकवत होती, पण त्या कामाचं रीतसर शिक्षण तिनं घेतलेलं नव्हतं. मुलं तिच्या ओठांकडे टक लावून बघत, आणि आपण यांना नुसत्या अंदाजानं शिकवतो ही गोष्ट तिला आतून खात असे. शिकायला बाहेरगावी जायचं तर नवरा कृष्णकांत कोराडीच्या वीजकेंद्रात पाळीवर, आणि पदरात दोन पोरं. मग कुणीतरी सांगितलं की इंग्लंडातलं एक विद्यापीठ पोस्टानं शिकवतं. पुस्तकं घरी येतात, उत्तरं लिहून पाठवायची, डिग्री तिथली. फी मात्र पौंडांत, आणि ती ह्या घराच्या आवाक्यातली नव्हती. त्यासाठी सरकारी विद्यार्थी-कर्ज मिळत होतं. अट एकच आडवी येत होती, वय पस्तिशीच्या आत हवं. दिवाळीला चारुलता पस्तिशी ओलांडणार होती. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

तिनं अर्ज केला. जामीन म्हणून सासऱ्यांनी सही ठोकली. मधुसूदनपंत म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. माणूस लाखात एक, पण मोठेपणाची भारी हौस. सून विलायतेची डिग्री घेणार हे त्यांनी भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. फक्त ‘पोस्टानं’ हा शब्द दर वेळी गिळला. पोस्टानं म्हटलं की लोक ‘असं होय!’ म्हणतात, आणि पंतांना ते ‘असं होय’ नको होतं.

झालं! ज्ञातीच्या मंडळाला सत्कारासाठी निमित्तच हवं असतं. शाल आली, नारळ आला, ओटी भरली.

‘‘अहो, मी कुठंच नाही जाऊन राहिली,’’ चारुलता सांगून सांगून थकली.

‘‘किती गं विनय!’’ मंडळाच्या अरुंधतीकाकू म्हणाल्या आणि प्रवासात लागेल म्हणून लोणच्याची बरणी त्यांनी तिच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी, ‘सौ. चारुलता उच्च शिक्षणार्थ इंग्लंडला रवाना’. घरात सगळे पोट धरून हसले. लोणचंही आठ दिवसांत संपलं.

हसणं महागात पडलं ते पुढच्या महिन्यात. अर्जाचं काय झालं हे विचारायला चारुलता कचेरीत गेली. टेबलावर नत्थूजी नावाचे बाबू होते, खापा गावचे. मनानं भले, पण कागदाला देव मानणारे. त्यांनी फाइल उघडली, तर आत टाचणीनं लावलेलं तेच कात्रण!

‘‘बाई, तुमची केस तं बंद झाली. मंजुरीच्या आधी जो परदेशात गेला, त्याले कर्ज नाही.’’

‘‘अहो, मी तुमच्यासमोर बसली आहे ना!’’

‘‘ते मले दिसून राहिलं. पण फाइलले काय दिसते? सायबानं शेरा मारला, ‘अर्जदार रवाना’. आता तुम्ही इथंच हाय, हे मी कोन्या कागदावर दाखवू?’’

‘‘शाळेची हजेरी आणू?’’

नत्थूजींनी चष्मा काढून पुसला. ‘‘बातमी पेपरातली, तं खुलासाबी पेपरातच पाह्यजे. ज्यानं बातमी देली त्याच्याच सहीनं. पंधरा तारखेच्या आत आणा बाई. सायबापुढं मी स्वतः ठेवतो.’’

बातमी कुणी दिली हे काय चारुलतेला ठाऊक नव्हतं? पण ती कोणत्या तोंडानं सांगणार? ज्या महालात पंत छाती काढून फिरत, तिथं त्यांनी आपल्याच हातानं आपलं हसं करून घ्यायचं! घरी येऊन ती कणीक मळायला बसली आणि डोळे पुसता पुसता पीठ गालाला लागलं.

‘‘काय झालं, सूनबाई?’’

‘‘काही नाही, मामंजी.’’

‘‘काही नाही तर रडून काहून राहिली?’’

शेवटी तिनं सगळं सांगितलं. पंत ऐकत राहिले. मग टोपी घातली, छत्री घेतली आणि जेवणाची वाट न बघता बाहेर पडले. परत आले ते न जेवताच झोपले. पुढचे दोन दिवस पानावरून अर्धपोटी उठले. ‘दुखावलं मी म्हाताऱ्याला. चुलीत गेली ती डिग्री,’ असं चारुलतेच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी पेपराच्या चौथ्या पानावर चौकट होती. ‘खुलासा. माझी सून सौ. चारुलता इंग्लंडला गेल्याची बातमी मी दिली होती. ती खोटी आहे. ती कुठेही गेलेली नाही. ती महालातच राहून पोस्टाने शिकणार आहे. चूक सर्वस्वी माझी.’ खाली पंतांचं पूर्ण नाव, गल्लीसकट पत्ता.

चारुलतेनं ते दोनदा वाचलं आणि पंतांच्या पाया पडली. ‘‘ऊठ, कचेरीची बस निघून जाईल,’’ एवढंच ते म्हणाले.

कचेरीत नत्थूजींनी जुन्या कात्रणावर नवं कात्रण टाचलं, साहेबांची सही आणली आणि हसले, ‘‘घ्या बाई, आता तुम्ही नागपुरात आल्या!’’ चारुलतेच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिथंच, सगळ्यांदेखत, ती हसता हसता रडली. दिवाळीच्या महिनाभर आधी मंजुरी हातात पडली, आणि त्या दिवशी पंतांनी दोनदा भात मागून घेतला.

तीन वर्षांनी डिग्री आली, तीही पोस्टानंच. ती शाळेच्या भिंतीवर लागली. घरात मात्र चारुलतेनं तो खुलासा फ्रेम करून भिंतीवर लावला. पंत आधी चिडले, मग त्यांना त्याची सवय झाली.

एकदा मंडळाचे नवे चिटणीस आले. त्यांनी आदरानं विचारलं, ‘‘सूनबाई विलायतेला शिकून आल्या ना?’’

‘‘छे हो!’’ पंत ताठ बसले. ‘‘पोस्टानं शिकली. इथं, या पाटावर बसून!’’

‘‘असं होय!’’ चिटणीस म्हणाले.

‘‘असंच!’’ पंत म्हणाले, आणि आत चहा सांगितला.