जोडी जमली का, बे?

दूध संघात बारा वर्षं काढली की माणसाकडं रजेपेक्षा किस्सेच जास्त शिल्लक राहतात. त्यात इंग्रजीचे तर कॅन भरून!

त्या वर्षी आमच्या लिंबागणेशकडच्या पट्ट्यात पाऊस नाही, चारा नाही, म्हशी आटलेल्या. दूध संकलन सकाळी आठलाच उरकायचं. तेवढ्यात फर्मान आलं: रोजंदारीवाल्यांना कायम व्हायचं असेल तर परीक्षा! पेपरात इंग्रजीच्या जोड्या. डावीकडं अवघड शब्द, उजवीकडं अर्थ. अंबाजोगाईहून रिटायर होऊन गावी आलेले कुलकर्णी सर संघातच येऊन फुकट शिकवायला तयार झाले. मी क्लार्क, म्हणून टायपिंग माझ्याकडं.

* * *

दूध तपासणारे रशीदभाई शब्दांना जिवंत जोड्या शोधायचे. एकदा एका म्हाताऱ्याचं दूध पातळ निघालं. रशीदभाई ओरडले, "सर, 'डायल्यूट'ची जोडी सापडली! दारात कॅन घेऊन उभी हाय!"

म्हातारा भडकला. "दुधात घालायला पाणी असतं तर म्हशीलाच नसतं का पाजलं?"

रशीदभाईंनी गुपचूप दूध मोजून घेतलं.

* * *

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहाचा ग्लास उजेडात धरला. "वा! ट्रान्सलुसंट! म्हणजे अर्धपारदर्शक!"

चहावाला म्हणाला, "दूध तुमच्याच संघाचं हाय, भाई!"

* * *

आता माझा गुन्हा. टाइप करताना अर्थांची आख्खी रांग एक ओळ खाली सरकली. 'एमिनंट'चा 'नामवंत' गेला खालच्या 'नोटोरियस'समोर, म्हणजे 'कुप्रसिद्ध'च्या जागी. नेमका तोच कागद संघाच्या अध्यक्षांनी भाषणासाठी नेला!

चारा छावणीच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब आलते. अध्यक्ष माइकवर गरजले, "आजचे आपले लई नोटोरियस पाहुणे..."

मी साहेबांच्याच खुर्चीमागं दडलो. साहेब मात्र शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "बदलीची कारणं इथपर्यंत पोचली वाटतं!"

* * *

संघाच्या दुधाचे टँकरवाले बप्पा घरी मोठ्यानं पाठ करायचे. सरांनी घरी जाऊन परीक्षा घेतली. वीसपैकी बप्पांचे आठ बरोबर. चुलीपाशी भाकरी थापता थापता वहिनींनी वीसच्या वीस सांगितले!

सर थक्क. "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"ह्यांनीच! ह्यांच्या ध्यानात राहीना, म्हणून शंभरदा म्हणत होते. माझ्या राहिलं, त्याला मी काय करू?"

* * *

आणि आमच्या सुनंदाताई. संघात कॅन धुवायच्या. दहावी पास, पण लग्नानंतर नऊ हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. कायम झाल्या नाहीत तर दसऱ्यानंतर पुन्हा कोयता. कॅन घासताना एक शब्द, विसळताना त्याचा अर्थ, असा त्यांचा अभ्यास.

लेखीत त्यांच्या सगळ्या जोड्या बरोबर आल्या. परीक्षेसाठी बाहेरून आलेल्या साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी ताईंना तोंडीला बोलावलं. नियुक्तीचा कागद सहीसाठी समोर होता, पण त्यावर हात ठेवून बसले. शेजारी अध्यक्ष, आणि फायली पुढं करायला मी तिथंच उभा.

"'रिलक्टंट' म्हणजे नाखूष. वाक्यात वापरा."

ताईंनी पदर सावरला. "साहेब मला कायम करायला रिलक्टंट हायत."

अध्यक्ष खोकले. मी छताकडं बघितलं. साहेबांच्या मिशा हलल्या, पण हात हलला नाही.

"बरं. आता 'फोर्थविथ'. म्हणजे काय?"

"ताबडतोब."

"करा वाक्य."

ताईंनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.