मिसरच्या बाईला मामाची दाद

या सदरात मोठमोठी माणसं लिहितात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. त्यामुळे लिहायचं धाडस केलं याबद्दल आधीच माफी मागतो. काही चुकलं तर पोराचं लिखाण समजून घ्या.

भूत, भानामती, अंगात येणं हे विषय आमच्या घरात बंद. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घर. माझाही विश्वास नव्हता... अजूनही नाही. म्हणूनच हे जास्त छळतं.

माझं गाव बोरी अरब. गावाच्या नावात अरब आहे, बाकी अरबस्तानाशी आमचा संबंध शून्य! तो आला मामामुळे. आईचा धाकटा भाऊ टाइल्स बसवायला आखातात गेला. त्याचा फोरमन इजिप्तचा, आणि कामावर दिवसभर त्यांच्याकडच्या एका जुन्या गायिकेची गाणी लावायचा. मामा तिला ‘मिसरची बाई’ म्हणायचा. मी यवतमाळला होस्टेलवर असताना त्याने मला गाण्याचं नाव पाठवलं आणि मागून व्हॉइस मेसेज – “भाच्या, आयक लेका. बाई एकच ओळ धा येळा म्हणते, अन धाही येळा येगळी. आपल्या जयंतीच्या कव्वालीवानी!”

पहिल्यांदा मी पाच मिनिटांत बंद केलं. तासाभराचं गाणं, कळत एक शब्द नाही. पण मामाने विचारलं तर काय सांगू, म्हणून एका रविवारी पूर्ण ऐकलं. प्रेक्षकांसमोरचं जुनं रेकॉर्डिंग, मामाच्या जन्माच्याही आधीचं. बाई ओळ म्हणते, थांबते, लोक ओरडतात, वाद्यं मागे जातात आणि ती तीच ओळ पुन्हा उचलते. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग मोबाइलवर उतरवून घेतलं आणि रोजच ऐकायला लागलो.

आमच्याकडे भीमजयंतीला कव्वाली रंगली की मामा मंडपातून ओरडायचा, “अवो बाई, मारून टाकता का आमाले!” सगळा मंडप हसायचा. गाणारी बाईसुद्धा त्या आवाजाची वाट पाहायची. ती दाद गावात दुसऱ्या कोणाची नव्हती.

मग मामाच्या साइटवर छत कोसळलं. मामाचा फोन बंद. एजंट म्हणायचा, “गेला असंल, कागद येतील.” ना कागद आले, ना देह आला. बरेच महिने वाट पाहून मामी आणि तिच्या भावाने मामाचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्याकडचा मृत्यूनंतरचा विधी, ठरवलं. आई म्हणायची, “पाह्यल्याबिगर माहा भाऊ मेला म्हनू कशी?” पण तिचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात, भरदुपारी, होस्टेलच्या खोलीत मी ते गाणं लावलं. बाईने ओळ सोडली, टाळ्या उठल्या आणि त्या टाळ्यांच्या आतून... “अवो बाई, मारून टाकता का आमाले!”

मी मागे घेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. तोच आवाज, शेवटी खेचलेला तोच ‘आमाले’. इतके दिवस रोज ऐकलं, तेव्हा हे त्यात नव्हतं.

माझा संशय सरळ प्रवीणवर गेला. प्रवीण माझा रूममेट, लग्नात डीजेचं काम करतो. आदल्याच दिवशी त्याने माझा मोबाइल गाणी घ्यायला नेला होता, आणि त्यात मामाचे मेसेज, जयंतीचे व्हिडिओ सगळं होतं.

“मस्करी कायची करावी, कळते का तुले?” मी त्याची कॉलर धरली.

“अबे सोड! माहा मित्राचा मामा गेला त मी हे करीन का? जनावर हावो का मी?”

त्याने तेच गाणं स्वतःच्या मोबाइलवर नव्याने उतरवलं. त्यात दाद नव्हती. मग माझी फाइल लॅपटॉपवर घेऊन ताणून ताणून पाहिली. म्हणाला, “जोड नाही दिसत बे कुठंच.” आवाज त्यालाही आला, पण ‘कोनीतरी ओरडून राह्यलं’ एवढाच. ज्याने जोडलं तो जोड कशाला दाखवेल? मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

घरी गेलो तो ठरवूनच, की आईला ऐकवायचं नाही. पण तूर निवडता निवडता तिनेच विचारलं, “भाऊ तुले कोन्तं गानं पाठवे रे? लाव बरं.” नाही म्हणता आलं नाही. काहीच न सांगता लावलं. ती जागा आली आणि सुपातला तिचा हात थांबला.

“बंद कर,” आई म्हणाली. मग चप्पलही न घालता मामीच्या घरी निघाली.

तिथे मामीचा भाऊ माझ्यावरच उलटला. “कालेजात हेच शिकला का बे? मेल्या मानसाचा आवाज गान्यात भरून मायले येडं बनवतं?”

माझाही प्रवीणवर तोच संशय होता.

मामीने मोबाइल कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. दोनदा ऐकलं. “मले त काहीच नाही आलं आयकू,” ती म्हणाली. मग आईकडे पाहून, “ताई, तुमी मले धड रडू बी देत नाही.”

आई दारात बसून राहिली. “संगीता, माह्यासाठी थांब,” ती मामीला म्हणाली. शेवटी कार्यक्रम पुढे ढकलला, पण मामी आईशी बोलेना. मला झोप लागेना. प्रवीणनेच केलं असेल तर? एका पोराच्या थट्टेवर मी माझ्या आईला आशेला लावलं असेल तर?

प्रवीणने पुढे स्वतःच्या आईची शपथ घेतली. मी त्याची माफी मागितली, पण खरं सांगतो, संशय पूर्ण गेला नाही. फाइल अजून माझ्याकडे आहे, दादही आहे. ती माझ्याच फाइलमध्ये कशी, मामीला का ऐकू येत नाही, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. फक्त ‘भास असेल’ एवढंच म्हणू नका, ते मी स्वतःला म्हणून पाहिलंय.

गेल्या आठवड्यात मामीला आखातातून फोन आला. हॉस्पिटलमध्ये काम करणारा हैदराबादचा एक माणूस होता. मामी धावत आमच्याकडे आली, आईच्या गळ्यात पडली.

“ताई, जिते हायेत ते! दुसऱ्याच मानसाच्या नावानं भरती होते. परवा शुद्धीत आले, अन हातानं लिहून माहा नंबर देल्ला.”

“लिहून काहून?” आईने विचारलं.

“गळ्यात नळी हाय ना, ताई. छत पडलं त्या दिवसापासून तोंडातून एक सबद नाही निघाला त्याहिच्या.”